घरी अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करताय? या चुका टाळा

माझ्याकडे रेकॉर्डिंग ऐकवायला जी मुलं येतात त्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "दादा, गिटार नुसती घुमतेय, कुठलं प्लगिन टाकू?" प्लगिन म्हणजे आवाज सुधारायचं सॉफ्टवेअर. कुठलंच टाकू नका, आधी माइक साउंडहोलसमोरून, म्हणजे गिटारच्या गोल भोकासमोरून, हलवा. आवाज होलमधून येतो म्हणून माइक होलसमोर, असा सगळ्यांचा हिशोब असतो. पण गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि ती सगळी घूम होलच्या तोंडाशीच बाहेर पडते, म्हणून 'जी' (G) कॉर्ड वाजवली की सहाव्या तारेवरचा खालचा 'जी' सूर एकदम फुगतो.

नाशिकच्या सिडकोतल्या एका पोराने अख्खं गाणं असंच रेकॉर्ड केलं, रिदम दोनदा, वर फिंगरपिकिंग, आणि मग रात्र-रात्र ईक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करायची बटणं) फिरवत बसला. बेस कापला की गिटार पत्र्यावर वाजवल्यासारखी, ठेवला की गाणाऱ्याचा आवाज बुडतो. माझ्याकडे आला तेव्हा तीच गिटार, तोच माइक, फक्त माइक बाराव्या फ्रेटसमोर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या, म्हणजे नेकवरच्या, आडव्या पट्ट्या) वीत-दीड वीत लांब ठेवला आणि तोंड जिथे नेक बॉडीला मिळते तिकडे जरा तिरकं केलं. पहिला टेक ऐकूनच त्याने जुने ट्रॅक डिलीट केले. मी पट्टीने मोजत नाही, एका कानाला हेडफोन लावून माइक बोटभर इकडेतिकडे सरकवतो, याला पाच मिनिटं लागतात आणि नेमकी ती पाच मिनिटंच कोणाला द्यायची नसतात, "मिक्समध्ये बघू" म्हणतात, म्हणजे नंतर सगळे ट्रॅक एकत्र करताना. मिक्समध्ये काही होत नाही.

दुसरं, आपला नाशिकचा उन्हाळा. सॉलिड टॉपच्या, म्हणजे पुढची फळी अख्ख्या लाकडाची असलेल्या, गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता लागते, आणि मार्च ते मे आपल्याकडे दुपारची हवा त्याच्या कितीतरी खाली असते. लाकूड आकसतं, टॉप खाली बसतो, तारा फ्रेटवर झरझरायला लागतात, फ्रेटची टोकं हाताला टोचतात. मग यूट्यूब बघून लगेच ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमीजास्त करायची सळई) पिळायचा! अरे बाबांनो, आधी लाकडाला ओलावा द्या. साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला, घट्ट पिळलेला स्पंज ठेवा, डबी केसमध्ये आणि केस बंद, सोबत एक स्वस्तातला हायग्रोमीटर. काही दिवस थांबा, बऱ्याचदा बझ, म्हणजे तारांची झरझर, आपोआप जातो. पावसाळ्यात उलटं होतं, टॉप फुगतो, अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वर जाते, तेव्हा स्पंज काढून सिलिका जेल. आणि मे महिन्यात गिटार गाडीच्या डिकीत ठेवून कॉलेज रोडला जेवायला जाऊ नका, उष्णतेने गोंद मऊ पडतो आणि तारांच्या ताणाने ब्रिज (तारा जिथे बांधतात ती टॉपवरची पट्टी) उचलला जातो. असा उचललेला ब्रिज मी पाहिलाय, फार वाईट वाटतं.

नव्या तारा चढवल्या चढवल्या रेकॉर्ड करू नका, ट्यूनिंग उतरत राहतं, मी आदल्या दिवशी बदलतो आणि तासभर वाजवतो. ट्यूनर प्रत्येक टेकआधी, कॅपो (तारा दाबून धरणारा चाप) लावल्यावर परत. क्लिक, म्हणजे ताल धरायची टिकटिक, ऐकायला बंद कपचे हेडफोन घ्या, उघड्या कपातून टिकटिक माइकमध्ये जाते.

पंखा बंद. द्वारका किंवा मुंबई नाक्यासारख्या रहदारीच्या चौकाजवळ राहत असाल तर सकाळी लवकर उठा, नॉइज रिमूव्हल लावलं की तारांची शेवटची झंकारही त्याच्याबरोबर जाते.

गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायचं बटण, इतकाच ठेवा की सगळ्यात जोरात वाजवल्यावर मीटर उणे १२ ते उणे ६ डीबीच्या मधे राहील, २४ बिट रेकॉर्डिंगमध्ये एवढं भरपूर होतं. गिटारमध्येच बसवलेल्या पिकअपची लाइन एकटी वापरू नका, त्यातल्या पिएझो सेन्सरचा आवाज कोरडा, प्लास्टिकसारखा येतो.

कंडेन्सर माइकला इंटरफेसमधून (माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) ४८ व्होल्ट लागतात, ते बटण न दाबताच माइक खराब म्हणून दुकानात परत नेणारे आहेत. केबल काढताना आधी तेच बटण बंद करा आणि स्पीकरचा आवाज पूर्ण खाली घ्या.