‘त्रिंकोमाली’चं मॉडेल: फ्रेम बसवण्यापासून फळ्या चढवेपर्यंत

‘एचएमएस त्रिंकोमाली’ ही मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी मलबारी सागात बांधलेली फ्रिगेट, म्हणजे शिडांची मध्यम आकाराची युद्धनौका. 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात उतरली आणि आज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला जतन करून ठेवलेली आहे. तोफांचा डेक (मजला) सुमारे 150 फूट लांब, जहाजाची रुंदी सुमारे 40 फूट. 1:96 प्रमाणात हल (जहाजाचा सांगाडा आणि बाहेरचं कवच) सुमारे 476 मिमी लांब आणि 127 मिमी रुंद होतो. साध्या टेबलावर हे काम निभतं.

मूळ जहाज सागाचं असलं तरी मॉडेलच्या फळ्यांना साग घेऊ नका. त्याचे रेषे या प्रमाणात फार मोठे दिसतात, पातळ पट्टी वळवताना चिरते आणि लाकडातल्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. शिवण किंवा बासवूड उत्तम. मधली उभी फळी आणि तिच्यात खाचेने बसणाऱ्या आडव्या फ्रेम (जहाजाच्या बरगड्या) 4 मिमी प्लायच्या करा. बाजारातली 4 मिमीची प्लाय बऱ्याचदा थोडी कमी भरते, म्हणून आधी व्हर्नियरने मोजा आणि मगच खाचेची रुंदी आखा. खाच सैल झाली की फ्रेम तिरकी चिकटते, घट्ट झाली की मधली फळी वाकते. फ्रेम बोटाने दाबून बसावी आणि उलटी धरली तरी पडू नये.

फ्रेम कापण्याआधी एक हिशेब करावाच लागतो. ब्रिटिश नौदलाच्या नकाशांवरच्या रेषा खऱ्या फ्रेमच्या बाहेरच्या कडेच्या असतात, फळ्या त्यांच्यावर येतात. खरी फळी 4 इंच जाड धरली तर 1:96 ला ती साधारण 1 मिमी होते. आपण 1.5 मिमीचा पहिला थर आणि 0.5 मिमीचा दुसरा, म्हणजे 2 मिमी चढवणार, खऱ्यापेक्षा 1 मिमी जास्त. म्हणून प्रत्येक फ्रेम रेषेपासून 1 मिमी आत कापायची. हे विसरलं तर जहाज 2 मिमी जास्त रुंद होतं आणि पुढे डेकची मापं जुळत नाहीत.

फ्रेममधलं अंतर 30 मिमीपेक्षा जास्त नको, नाळेजवळ (जहाजाच्या पुढच्या टोकाजवळ) आणि मागच्या टोकाला 20 पुरे. अंतर जास्त ठेवलं तर घासताना फळी दोन फ्रेमच्या मध्ये आत दबते आणि हलच्या बरगड्या दिसायला लागतात. मधली फळी जाड काचेवर आडवी ठेवून सरळ आहे ना ते पाहा. वाकलेली असेल तर दुसरी कापा, फ्रेम लावल्यावर ती सरळ होईल ही आशा ठेवू नका. फ्रेम चिकटवताना प्रत्येकीला गुण्या लावा. गोंद वाळला की नाळेजवळच्या आणि अगदी मागच्या फ्रेममधल्या पोकळ्यांत मऊ लाकडाचे ठोकळे भरा. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा यासाठी फार चांगला, पॉलिश पेपरने झरझर उतरतो.

आता फ्रेमच्या कडांना उतार द्यायचा. सगळं मॉडेल इथे ठरतं, म्हणून या कामाला हवा तेवढा वेळ द्या. प्रत्येक फ्रेमची कड पेन्सिलने काळी करा. पुढच्या अर्ध्यात नाळेकडची कड घासायची, मागच्या अर्ध्यात मागची, आणि मध्याकडची कड शाबूत ठेवायची. मधल्या रुंद फ्रेमना उतार लागत नाही. मध्येमध्ये 1.5 × 5 मिमीची पट्टी किमान चार फ्रेमवर टेकवून पाहा. पट्टी फ्रेमच्या पूर्ण जाडीला टेकली पाहिजे. खाली फट दिसली तर त्या फ्रेमवर पातळ पट्टी चिकटवून भर घाला, पट्टी उगाच उंच उचलली जात असेल तर ती फ्रेम आणखी घासा.

फळ्यांची आखणी कागदाच्या पट्टीने करा. समजा मधल्या फ्रेमवर डेकच्या रेषेपासून कीलपर्यंत (तळाच्या कण्यापर्यंत) 110 मिमी भरले, तर 5 मिमीच्या 22 फळ्या लागतील. पुढच्या फ्रेमवर तेच अंतर 66 मिमी असेल, तर तिथे प्रत्येक फळी 3 मिमी. फळी कुठेही मूळ रुंदीच्या निम्म्यापेक्षा, म्हणजे 2.5 मिमीपेक्षा, निमुळती करू नका. टोक टिकत नाही. तशी वेळ आली तर दोन फळ्या संपवून त्यांच्या जागी एकच पुढे न्या. मागे अंतर वाढून 120 झालं, तर दोन पाचरी फळ्या घालाव्या लागतात. रुंदी ताणून भागत नाही.

पहिली फळी डेकच्या रेषेला धरून लावा. चार-पाच फळ्या खाली आल्यावर कीललगतची लावा. ही फळी पुढे नाळेच्या वळणावर चढवू नका, वळण सुरू होतं तिथेच संपवा. ती वर चढली की पुढच्या सगळ्या फळ्या टोकाशी चिमटतात. एक फळी डावीकडे, लगेच तीच उजवीकडे. एकच बाजू भरत गेलात तर कील त्या बाजूला ओढली जाते.

नाळेजवळची वळणं कोरड्या पट्टीने जमत नाहीत. पट्टी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, फ्रेमवर चिमट्यांनी धरून पूर्ण वाळू द्या आणि मगच फेव्हिकॉल लावा. ओली पट्टी चिकटवली तर वाळताना ती आकसते आणि फट पडते. पावसाळ्यात हीच गोष्ट हळूहळू होते: दमट लाकडात भरलेली हल डिसेंबरात उघडते. पट्ट्या आठवडाभर घरात ठेवून मगच कापा. शेजारच्या फळीला लागणारी कड किंचित तासा, नाहीतर गोलाईवर बाहेरून व्ही आकाराची खाच राहते.

पहिला थर पूर्ण झाला की आतून पातळ केलेला फेव्हिकॉल फिरवा आणि बाहेरून 120, मग 180 नंबरच्या पेपरने फळ्यांच्या लांबीच्या दिशेने घासा. डोळ्यांपेक्षा तळहाताला खड्डा लवकर कळतो. खड्डे लाकडाचा भुसा आणि गोंद मिसळून केलेल्या लांबीने (पुट्टीने) भरा. पाण्याखालच्या भागावर तांब्याचे पत्रे लावणार असाल, तर तिथे दुसऱ्या थरावर पैसे घालू नका. पण पाण्याच्या रेषेवर 0.5 मिमीची पायरी पडते, तेवढी खाली भर देऊन पुसून टाका. खरा पत्रा 4 फूट × 14 इंचांचा, 1:96 ला तो 12.7 × 3.7 मिमी भरतो.