डबल-क्लिकने चालणाऱ्या जावा प्रोग्रामला स्वतःची कन्सोल विंडो

विंडोजवर जार फाइलवर (जिच्यात जावा प्रोग्राम बांधलेला असतो त्या फाइलवर) डबल-क्लिक केल्यास ती सहसा ‘जावाडब्ल्यू’ या प्रोग्रामतर्फे चालवली जाते आणि त्याला कन्सोलच, म्हणजे मजकूर दाखवणारी विंडोच, नसल्यामुळे छापलेला मजकूर, तसेच त्रुटींचे संदेशही, कुठेच दिसत नाहीत. प्रोग्राम उघडलाच नाही, असा समज त्यामुळेच होतो.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे जार फाइलशेजारी एक बॅच फाइल, म्हणजे ओळीने आज्ञा लिहिलेली फाइल, ठेवणे. तिच्या पहिल्या ओळीत ‘जावाडब्ल्यू’ऐवजी साध्या ‘जावा’ला ‘-jar’ या पर्यायासह ती फाइल चालवण्याची आज्ञा द्यावी आणि दुसऱ्या ओळीत ‘पॉज’ लिहावे, कारण ते नसेल तर प्रोग्राम संपताच, म्हणजे नेमका संदेश वाचायच्या वेळी, विंडो मिटते. फाइलच्या मार्गात रिकामी जागा असल्यास तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा.

एकच फाइल द्यायची असल्यास प्रोग्रामने सुरुवातीलाच ‘प्रोसेसबिल्डर’ हा दुसरे प्रोग्राम सुरू करणारा जावातील वर्ग वापरून कमांड प्रॉम्प्टच्या ‘स्टार्ट’ आज्ञेने स्वतःला नव्या विंडोत पुन्हा सुरू करावे. मात्र दुसऱ्या वेळी एखादा खुणेचा आर्ग्युमेंट, म्हणजे आपण दुसरी प्रत आहोत हे प्रोग्रामला ओळखता येईल असा शब्द, अवश्य पाठवावा. अन्यथा प्रत्येक प्रत पुढची प्रत उघडत राहील आणि पडदा विंडोंनी भरून जाईल.