विंडोज अडकलंय? 'रिसेट' दाबण्याआधी या चुका टाळा

मे महिना म्हणजे सोलापुरात शाळेच्या गणवेशांची धांदल. वळवाच्या वाऱ्यात लाईट गेली आणि एका कारखानदार काकांचा कॉम्प्युटर परत सुरूच होईना. 'ऑटोमॅटिक रिपेअर', काळा पडदा, पुन्हा तेच. सीपीयू चादरीत गुंडाळून, स्कूटरवर पुढ्यात घेऊन ते माझ्याकडे आले. तोवर पुतण्याने 'रिसेट धिस पीसी', म्हणजे विंडोज नव्याने बसवणं, उरकलं होतं.

"कीप माय फाइल्सच निवडलं होतं हो," काका म्हणाले. बरोबर. फोटो, एक्सेल शाबूत होते. पण टॅली, बिलांचं सॉफ्टवेअर सगळं साफ. डेस्कटॉपवर उडवलेल्या प्रोग्रामांची यादी तेवढी उरली होती.

रिसेट सगळ्यात शेवटी. आधी रिपेअरच्या पडद्यावरच्या 'ट्रबलशूट'मधून 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा. अपडेटनंतर बिघडलं असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स', नाहीतर 'स्टार्टअप रिपेअर', मग 'सिस्टिम रिस्टोअर'. रिस्टोअरने ड्रायव्हर, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही), प्रोग्राम मागच्या तारखेला जातात. डिलीट झालेला फोटो त्याने परत येत नाही. आणि ही सोय बऱ्याच मशीनवर बंदच असते. मशीन धड आहे तोवर ती चालू करून ठेवा.

या सगळ्याच्याही आधी डेटा बाहेर काढा. विंडोज सुरू होत नसलं तरी जमतं. त्याच पडद्यावरून 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा, 'नोटपॅड' टाइप करा, 'फाइल'मधून 'ओपन' घ्या आणि खाली 'ऑल फाइल्स' निवडा. त्या छोट्या खिडकीत सगळे ड्राइव्ह दिसतात. फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी, पेनड्राइव्हवर पेस्ट. इथे ड्राइव्हची अक्षरं कधीकधी बदलतात, सी ड्राइव्ह डी म्हणून दिसतो. रिकामा समजून फॉरमॅट मारू नका!

हार्ड डिस्क टकटक करत असेल तर चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासायची कमांड, चालवत बसू नका. मरायला टेकलेल्या बैलाला नांगराला जुंपण्यातली गत. कॉपी आधी.

बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप, चालू असेल तर ४८ आकडी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते, पण अकाउंट कोणाच्या नावाचं, हेच घरात कोणाला माहीत नसतं. विंडोज नव्याने बसवायचा इन्स्टॉलेशनचा पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा लागतो आणि बनवताना पूर्ण पुसला जातो. लग्नाचे फोटो असलेला घेऊ नका.

विंडोज सुरू होतंय पण अडखळतंय? कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि विंडोजच्या फाइल्स दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड चालवा: आधी डिझमची 'रिस्टोअर हेल्थ', मग एसएफसीची 'स्कॅन नाऊ'. डिझमला सहसा नेट लागतं. टक्क्यांचा आकडा मध्येच थांबल्यासारखा दिसला तरी पॉवरचं बटण दाबू नका, चहा पिऊन या. यूपीएस नसेल तर आकाशाकडे बघूनच सुरू करा.

काकांचा टॅलीचा डेटा नशिबाने डी ड्राइव्हवर होता. बिलांचा मात्र सॉफ्टवेअरच्याच फोल्डरात होता, तो गेला. पुतण्या आठवडाभर कार्बनच्या बिलबुकांवरून नोंदी चढवत बसला होता.