जुनी ईव्ही घेताय? बॅटरीसोबत एडास पण तपासा

आपल्याकडे जळगाव-धुळ्यात जुनी ईव्ही बघायला गेलं की सगळे बॅटरीचंच विचारतात, एडासकडे, म्हणजे कॅमेरा-रडारने ब्रेक, लेन, अंतर सांभाळायला मदत करणाऱ्या सिस्टीमकडे, कोणी बघतच नाही. आधी व्हेरियंट बघा भाऊ, एमजी झेडएस ईव्हीला एडास आलं २०२३ मध्ये अन् तेही टॉप मॉडेलला, म्हणजे २०२२ ची गाडी दाखवून कोणी "सगळं आहे" म्हणत असेल तर आरसीवरचा महिना-वर्ष वाचा.

मग काच. आतल्या आरशामागे कॅमेरा असतो, पुढची काच बदलली असेल तर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याची नजर परत नीट जुळवणं, करावं लागतं, त्याचं बिल मागाच. सगळ्या काचांवरचे शिक्के जुळवा, मी एका गाडीत बघितलं तर पुढच्या काचेचा वेगळाच निघाला अन् मालक म्हणे "कॅमेरा चालू आहे ना पण!" पुढच्या बंपरमागे रडार, तिथे पुट्टी-रंगाचा जाड थर असला की गडबड.

ट्रायल गावात नको, भुसावळकडे हायवे ५३ ला घ्या, लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवणारं) बऱ्याच गाड्यांत ताशी साठ किमीच्या आसपास जागं होतं. हात स्टेअरिंगवरच ठेवा. केळीच्या ट्रकमागे क्रूझ (आपोआप वेग धरणारं) लावून गाडी अंतर राखते का बघा, पाय ब्रेकजवळ. ऑटो ब्रेकची टेस्ट मात्र कोणाला पुढे उभं करून करू नका राव, सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, काढा.