लँकेस्टरची रात्र एका खोलीत: बॉम्बर क्रूवरचा लघुपट कसा करावा

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बर क्रूवर, म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्या विमानातल्या माणसांवर, लघुपट करायचा ठरला की बहुतेक मंडळी आधी विमानाच्या मागे लागतात. विमान लागत नाही. सात नट, एक लांबट खोली, चांगला आवाज आणि दोन-तीन दिवे एवढ्यावर काम होतं. कारण त्या विमानात माणसं एकमेकांना फारशी दिसतच नसत. सात जण सात तास एका नळकांड्यात बसलेले आणि त्यांना जोडणारी एकच गोष्ट म्हणजे कानातला इंटरकॉम. पटकथा या एका गोष्टीवर उभी करा.

आधी कोणती हवाई दलं दाखवायची ते पक्कं करा, कारण सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते. अमेरिकन बी-17 मध्ये साधारण दहा जण असत. ती दिवसा उडत आणि शेजारच्या विमानाला धरून रचना करत. ब्रिटिश लँकेस्टर रात्री, दिवे न लावता, शेकडोंच्या लोंढ्यात पण एकेकटं उडे. शेजारचं विमान दिसायचं नाही, त्याच्या पंख्यांनी ढवळलेल्या हवेचा धक्का मात्र बसायचा. लँकेस्टरच्या खिडकीबाहेर चंद्रप्रकाशात रांगेने उडणारी विमानं दाखवलीत, तर जाणकार प्रेक्षक तिथेच संपला. इथून पुढे सगळं लँकेस्टर आणि 1943 चं वर्ष धरून आहे.

माणसं आणि जागा

पुढे नाकात पोटावर पडलेला बॉम्ब एमर, म्हणजे नेम धरून बॉम्ब सोडणारा. वर डावीकडे वैमानिक. सहवैमानिक नसतो, उजवीकडे घडीच्या बैठकीवर इंजिनं सांभाळणारा फ्लाइट इंजिनियर. वैमानिकाच्या मागे डाव्या भिंतीकडे तोंड करून मार्ग आखणारा नॅव्हिगेटर, त्याच्या मागे वायरलेस ऑपरेटर. विमानाच्या पाठीवर मिड-अपर गनर आणि अगदी शेपटीत रिअर गनर, दोघेही टरेटमध्ये, म्हणजे बंदुकांच्या फिरत्या घुमटात. नॅव्हिगेटर म्हणून भारतीय नट घेतलात तर ते ओढूनताणून होणार नाही. शैलेंद्र सुखटणकर ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये लँकेस्टरवर नॅव्हिगेटर होते.

सेट पावणेदोन मीटरपेक्षा रुंद करू नका. कॅमेऱ्याला जागा हवी म्हणून रुंदी वाढवली की विमानाची बस होते. त्यापेक्षा एक भिंत सुटी करा. प्लायच्या कमानी दर अर्ध्या मीटरवर, त्यांवर पातळ पत्रा किंवा कार्डशीट. वैमानिकाच्या भोवती मंद काळा रंग, मागे राखी-हिरवा. चकचकीत ऑइलपेंट टाळा, दिवा लागला की प्लाय उघडा पडतो.

मधोमध आडवा जाणारा मुख्य स्पार विसरू नका. पंखांना पेलणारी ही तुळई विमानाच्या पोटातून आरपार जाते आणि पुढून मागे जाणाऱ्याला ती ओलांडावीच लागते. मांडीइतक्या उंचीची पेटी करा आणि ती खरोखर मजबूत असू द्या. फुगलेले कपडे, लोकरी बूट, छातीवरचे पट्टे आणि हातात ऑक्सिजनची छोटी बाटली घेऊन नटाला ती ओलांडायला लावा. पट्टा अडकतो, गुडघा आपटतो. जळत्या विमानातून बाहेर पडणं इतकं अवघड का होतं, हे त्या चार सेकंदांत संवादाशिवाय कळतं.

उंचीप्रमाणे पटकथा

पटकथेच्या समासात प्रत्येक प्रसंगासमोर उंची लिहा. 10,000 फुटांच्या वर मास्क घालावाच लागतो. 20,000 फुटांवर मास्क काढला तर काही मिनिटांत माणूस आधी बरळतो, मग बेशुद्ध पडतो. दिग्दर्शकांना नटाचा चेहरा हवा असतो म्हणून ते ऐन लक्ष्यावर मास्क काढायला लावतात, आणि प्रसंग खोटा पडतो. चेहऱ्यांचे क्लोजअप तळावर, चढतीच्या सुरुवातीला आणि परतीच्या उतरणीवर उरकून घ्या. वर फक्त डोळे. प्रेक्षकाला कोण कोण ते तोपर्यंत डोळ्यांवरून आणि आवाजावरून ओळखता आलं पाहिजे, म्हणून सात आवाजांची निवड चेहऱ्यांआधी करा. ऑडिशन डोळे मिटून ऐका.

थंडीही सगळ्यांना सारखी नव्हती. गरम हवेचं तोंड वायरलेस ऑपरेटरजवळ असे, त्यामुळे तो घामाघूम आणि शेपटीतला गनर उणे चाळीसच्या आसपास. गनर विजेवर तापणारा सूट घाले. श्वासातली वाफ मास्कमध्ये गोठायची आणि ती बोटांनी चुरून काढावी लागायची. हे जरूर दाखवा: हातमोजा मास्कवर येतो, दोनदा दाबतो, बर्फाचा कुरकुर आवाज, हात पुन्हा टरेटवर. खडे मीठ प्लास्टिकच्या पिशवीत घालून चुरलं की तो आवाज मिळतो. दुसरी गोष्ट त्याच्या पॅराशूटची. टरेटमध्ये जागा नसल्यामुळे ते मागच्या बाजूला, विमानाच्या पोटात टांगलेलं असे. टरेट सरळ करायचा, पाठीमागची दारं उघडायची, हात मागे नेऊन पॅराशूट ओढायचं, छातीवर अडकवायचं, आणि मगच उडी. टरेट फिरवणारा दाब गेला की ही साखळी पहिल्याच कडीला तुटते.

इंजिनांचा आवाज

निम्मी मेहनत इथे करा. चार मर्लिन इंजिनं, प्रत्येकी बारा सिलिंडर. एका उंचीवर सरळ उडताना इंजिन मिनिटाला 2,200 फेऱ्यांच्या आसपास धरलं तर स्फोटांचा सूर 220 हर्ट्झला येतो. गिअरमुळे पंखा त्याच्या 0.42 पट वेगाने फिरतो, पाती तीन, म्हणून पंख्याची घरघर सुमारे 46 हर्ट्झ. मोबाईलच्या स्पीकरवर 46 हर्ट्झ ऐकूच येत नाही. नुसती खालची घरघर ठेवलीत तर फोनवर बघणाऱ्याला विमान मुकं वाटेल. 220 चा थर हवाच.

चारही इंजिनं तंतोतंत एका सुरात नसतात. वापरायची मुभा असलेलं मर्लिनचं एक स्थिर रेकॉर्डिंग घ्या, चार प्रती करा, सुरुवात वेगवेगळ्या जागी ठेवा आणि प्रतींच्या सुरात एक टक्क्यापर्यंत फरक द्या, म्हणजे साधारण 17 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). एका टक्क्याच्या फरकाने 46 हर्ट्झवर दर दोन सेकंदांनी आवाज फुगतो नि ओसरतो. जमिनीवरून ऐकणाऱ्यांच्या लक्षात राहिलेली लाट ती हीच. फरक दोन-तीन टक्क्यांवर गेला की बेसूर भुंगे वाटतात. इंजिन बंद पडल्याचं दाखवायचं असेल तर एक प्रत काढून टाका आणि उरलेल्या तिघांचा सूर किंचित चढवा. लाटेची चाल बदलते. कोणी काही बोलायच्या आत प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. डिझेल जनरेटरचं रेकॉर्डिंग वापरू नका, त्याची ठकठक ताबडतोब ओळखू येते.

या गोंगाटात विमानविरोधी तोफांचे गोळे सहसा नुसते दिसतात. ऐकू आला म्हणजे फार जवळ फुटला. त्यामुळे वीस गोळे मुके ठेवा, दोन-तीन फ्रेमची चमक पुरे, आणि एकच ऐकवा.

इंटरकॉमचे संवाद सेटवर घेऊ नका. प्रत्येक नटाला वेगळ्या खोलीत बसवा, तोंडावर मास्क, माईक मास्कच्या आत, कानाला हेडफोन. नंतर 300 ते 3,000 हर्ट्झच्या बाहेरचं कापा. मास्कवरच्या स्विचची टिक प्रत्येक वाक्याआधी हवी. कोणाचा स्विच चुकून चालू राहिला तर त्याचा श्वास सगळ्यांच्या कानात, आणि भीती दाखवायला त्याहून चांगलं साधन नाही. वाक्यं तोकडी ठेवा. वैमानिकाला “स्किपर” म्हणत, तो हुद्द्याने लहान असला तरी. लक्ष्यावरच्या सूचना इंग्रजीतच राहू द्या: “लेफ्ट-लेफ्ट”, “राइट”, “स्टेडी”. डावीकडे सांगताना शब्द दोनदा यायचा, म्हणजे खरखरीतही गफलत होऊ नये. मराठीत “डावीकडे, डावीकडे” केलं की त्या दुहेरीपणातलं कारणच जातं.

धक्के

बॉम्ब सुटले की हजारो पौंडांचं ओझं गेल्यामुळे विमान वर उसळतं. त्या क्षणी माणसं बैठकीत खाली दबतात. नट हमखास उलटं करतात, उडी मारतात. त्यांना मान आखडून दोन बोटं खाली जायला सांगा. तिथे जल्लोष नको: बॉम्ब कुठे पडले त्याचं छायाचित्र निघेपर्यंत विमान सुमारे अर्धा मिनिट सरळ रेषेतच ठेवावं लागे आणि तो वेळ सगळ्यात लांब वाटायचा. हा अर्धा मिनिट पडद्यावर पूर्ण तीस सेकंद ठेवा, कापू नका. बॉम्ब एमरच्या चेहऱ्यावर खालून नारिंगी प्रकाश हवा. जमिनीवर दिवा, त्यावर पाण्याचा उथळ काचेचा ट्रे, बोटाने पाणी हलवत राहा.

शत्रूचं विमान दिसलं की गनर “कॉर्कस्क्रू पोर्ट, गो!” म्हणतो (पोर्ट म्हणजे डावी बाजू) आणि वैमानिक डावीकडे झेपावतो, मग चढत उजवीकडे वळतो, पुन्हा खाली. कॅमेरा गदागदा हलवू नका. नॅव्हिगेटरचं टेबल दाखवा. सूर मारताना पेन्सिल आणि डिव्हायडर तरंगतात (काळा दोरा, वरून सहायक), चढताना तीच धाडकन नकाशावर आपटतात आणि नॅव्हिगेटर दोन्ही हातांनी कागद दाबून धरतो. त्याच्या वहीत सहा-सहा मिनिटांच्या नोंदी करा. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, ताशी 220 मैलांना 22 मैल. आकडे खरे जुळवा, क्लोजअपमध्ये कोणीतरी ते वाचतंच. टेबलाभोवतीच्या कापडी पडद्यामागचा एक लहान दिवा एवढाच त्याचा उजेड. तो पडदा सरकवून बाहेर बघतो तो क्षण एकदाच वापरा.

विमान उतरल्यावर इंजिनांच्या आवाजाच्या चारही प्रती एकामागून एक बंद करा. त्यानंतर पाच सेकंद काहीच नको, मग तापलेल्या धातूची टिकटिक. पहिलं वाक्य नटाला मोठ्याने, जवळजवळ ओरडून म्हणायला सांगा: सात तासांच्या गोंगाटाने कान बधिर असतात आणि आपण किती मोठ्याने बोलतोय हे त्याला कळत नसतं.