चिखलदऱ्याकडच्या घळीत दोरावर उतरण्याआधी

‘आला पोळा, पाऊस झाला भोळा’ असं आपल्याकडे म्हणतात. धबधब्याच्या घळीत उतरणाऱ्याने त्यावर विसंबू नये. हस्ताचा पाऊस भर उन्हातून विजा घेऊन येतो. पठारावर तो अर्धा तास जरी कोसळला तरी खालच्या अरुंद घळीत पाणी पाहता पाहता चढतं, आणि तिथे तुमच्या डोक्यावर निळं आभाळच असू शकतं. म्हणून तयारीची सुरुवात पाण्यापासून करा. तुमच्या नाल्यात कुठल्या पठाराचं पाणी उतरतं ते नकाशावर बघा आणि तिथल्या गावातल्या कुणाचा तरी फोन नंबर घेऊन ठेवा. आदल्या दिवशी आणि निघायच्या सकाळी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा अंदाज पाहा. अमरावती जिल्ह्याला विजांचा इशारा असेल तर बेत पुढे ढकला, गाडीचं भाडं बुडालं तरी चालेल. विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप फोनमध्ये असू द्या, पण मेळघाटात रेंज मिळेलच असं धरू नका. उजाडताच दोर लावायला घ्या, म्हणजे दुपारचे ढग जमायच्या आत शेवटचा माणूस बाहेर पडलेला असेल. पाणी गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला किंवा धबधब्याचा आवाज जड झाला, तर सामान तिथेच टाकून उंचावर जायचं. हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

एकामागून एक टप्पे असलेल्या घळीत पहिला टप्पा उतरून दोर खाली ओढून घेतला की परत वर जायची वाट संपली. म्हणून मधूनच बाहेर कुठून पडता येईल, हे उतरण्याआधी माहीत हवं. जवळच्या गावातल्या गुराख्याला विचारा, ‘भाऊ, उन्हाळ्यात या नाल्यात ढोरं कुठून उतरतात?’ त्याचं उत्तर कुठल्याही नकाशापेक्षा कामाचं असतं. शक्य असेल तर त्यालाच चांगली मजुरी देऊन आदल्या दिवशी सोबत न्या आणि त्या वाटा पायी बघून घ्या. जागा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत येते का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून लेखी परवानगी घ्या. कुठल्या गटाबरोबर पैसे भरून जात असाल तर त्यांची पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी पाहायला मागा. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार ती लागते.

दोर 10 ते 11 मिलिमीटर जाडीचा, कमी ताणणारा स्टॅटिकच हवा. बैलाचा कासरा किंवा ट्रॅक्टरमागे बांधायचा दोर कितीही दणकट दिसला तरी नको. नायलॉन पाणी पितं, जड होतं आणि ओलेपणी त्याची ताकद कमी होते, तेव्हा जुना दोर घरीच ठेवा. दुहेरी लावून ओढून घ्यायचा असेल तर सगळ्यात मोठ्या टप्प्याच्या दुपटीहून लांब हवा. वर एक जादा दोर वेगळ्या पिशवीत ठेवा, कारण अडकलेला दोर घळीतच सोडावा लागू शकतो. कडेवर दोर घासू नये म्हणून जाड कापड किंवा रोप पॅड घ्या.

अँकरची, म्हणजे दोर ज्याला बांधायचा त्या आधाराची, तयारी सगळ्यात सावकाश करा. गाविलगडचे डोंगर बेसॉल्टच्या थरांचे आहेत. काळा, अखंड, ठोकल्यावर टणक वाजणारा दगड भरवशाचा असतो, पण दोन थरांच्या मधे कुठे कुठे लाल मातकट पट्टा दिसतो, तो हाताने उकरला तरी भुगा होतो. त्यात किंवा त्याला लागून बोल्ट मारू नका. झाड निवडाल तर जिवंत, मांडीएवढं जाड आणि मुळं दगडात रुतलेलं हवं. एकाच आधारावर कधीच उतरू नका, दोन स्वतंत्र अँकर जोडून घ्या. दोर असा बांधा की कुणी धारेखाली अडकलं तर वरच्या माणसाला तो सैल सोडून त्याला खाली घेता येईल. धारेखाली लटकलेल्या माणसाला श्वास घेणं कठीण जातं आणि निपचित लटकून राहणंही जीवघेणं ठरू शकतं, म्हणून हा सराव गावाजवळच्या कोरड्या कड्यावर आधी करूनच या.

दोराच्या टोकाला गाठ मारायची की नाही, हा प्रश्न हमखास येतो. खाली कोरडी जमीन असेल तर मारायचीच. खाली वाहता डोह असेल तर टोक पाण्याला जेमतेम टेकेल इतकंच सोडा आणि गाठ मारू नका. पाण्यात सुटलेला जादा दोर पायात गुंततो, गाठ डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून सावकाश उतरवणाऱ्या हार्नेसवरच्या साधनात, अडकते. डोह असलेल्या घळीत पोहता न येणाऱ्यालाही लाइफ जॅकेट घालून न्यावं असं काही जण म्हणतात, मी मात्र त्याला वरच थांबवीन.

धारेत बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात शिटी हवी. किती शिट्ट्या म्हणजे थांब आणि किती म्हणजे दोर सोड, हे वरच ठरवून सगळ्यांकडून वदवून घ्या. हेल्मेट, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा), लॉक होणारे कॅराबिनर (धातूच्या कड्या) आणि प्रुसिकची दोरी (मुख्य दोराला आवळून पकडणारी बारीक दोरी) प्रत्येकाची वेगळी. जीन्स नको, लवकर वाळणारे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. केस, ओढणी, कानातलं असं डिसेंडरमध्ये जाईल असं काही मोकळं राहू देऊ नका. खायला गूळ-शेंगदाणे पुरे.

कड्यांना आग्या मोहोळं असतात. दुर्बिणीने पूर्ण कडा निरखा आणि मोहोळ दिसलं तर तो टप्पा सोडा, कारण दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही. अत्तर, विडी, धूर काहीही नको.

गावात पोलीस पाटलांकडे नावं आणि परतीची वेळ लिहून द्या. 108 ला फोन लागेल अशी जवळची जागा कोणती, हेही त्यांनाच विचारा. चिखलदऱ्याचं ग्रामीण रुग्णालय आणि अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय यांपैकी कुठे लवकर पोचाल, ते चालकाला ठाऊक हवं.

घरी आल्यावर दोर साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा, बोटांनी चाचपत जा आणि मऊ किंवा फुगीर जागा लागली तर दोर बाद करा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर मेळघाटच्या गवतातून फिरल्याचं डॉक्टरांना सांगा आणि अंगावर काळी खपली आहे का ते बघा. ही स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाची, खूण असू शकते; विदर्भात 2018 साली त्याची साथ आली होती आणि वेळेत ओळखला तर तो औषधाने बरा होतो.