दिवाळीत एकट्या, आजारी आणि वृद्ध माणसांची सोबत कशी करावी

शहरात एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाचा दिवस चार-पाच जणांच्या आधाराने पार पडत असतो: केरवारे आणि भांडी करणाऱ्या मावशी, दुपारचा डबा देणाऱ्या काकू किंवा जवळचे पोळी-भाजी केंद्र, औषधे घरपोच पाठवणारा दुकानदार, रात्रीची आया आणि समोरच्या दारातले शेजारी. दिवाळीत ही सगळी माणसे एकाच वेळी सुट्टीवर जातात, आणि ती जाणारच, कारण सण त्यांचाही असतो. म्हणून ज्यांना अशा एखाद्या व्यक्तीसाठी मनापासून काही करायचे आहे, त्यांनी फराळाच्या ताटाचा विचार करण्यापूर्वी, वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत त्या घरात नेमके काय काय बंद पडणार आहे, हे शोधून काढावे.

ही चौकशी दसरा झाला की लगेच करावी. "काही लागलं तर सांगा" या वाक्याला कोणीही स्वाभिमानी माणूस "काही नको, सगळं आहे" असेच उत्तर देतो. त्यामुळे प्रश्न नेमका असावा. "काकू, तुमचा डबा कोणत्या दिवशी बंद आहे?", "आजोबा, रक्तदाबाच्या गोळ्या भाऊबीजेपर्यंत पुरतील ना, की आजच आणून ठेवू?" अशा प्रश्नांना खरी उत्तरे मिळतात. इन्सुलिन, दम्याचा पंप, ऑक्सिजनचा सिलिंडर यांचा साठा लक्ष्मीपूजनाच्या आधी पाहून घ्यावा, आणि नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी जाणार असल्यास त्यांच्या गैरहजेरीत कोणाला दाखवायचे, हे त्यांच्याच दवाखान्यात विचारून ठेवावे. डायलिसिस घेणाऱ्या रुग्णाला सणातही ठरलेल्या वारी केंद्रावर जावेच लागते, आणि नेमका त्याच दिवशी रिक्षावाला गावी गेलेला असतो. सोसायटीतल्या चार-सहा घरांनी असे दिवस आपसांत वाटून घेतले, तर कोणावरही भार पडत नाही. कोणत्या दिवशी कोण येणार, हे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तो फोनजवळ चिकटवावा. त्याच कागदावर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 'एल्डरलाइन' या राष्ट्रीय मदतवाहिनीचा १४५६७ हा क्रमांकही लिहावा. ही सेवा मोफत असून सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत चालते.

खाण्याच्या बाबतीत प्रेमाइतकाच विवेकही हवा. चार घरांतून चकल्या, शंकरपाळी आणि लाडू येतात, डब्यांवर डबे साचतात, पण तिसऱ्या दिवशी त्या घरात साधी पोळी-भाजी नसते. आजारी आणि वृद्ध माणसाला गरम वरणभात, मऊ पोळी आणि एखादी फळभाजी यांची गरज फराळापेक्षा कितीतरी जास्त असते. फराळ अवश्य द्यावा, पण वाटीभर, आणि जेवणासोबत. मधुमेह असलेल्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या बिनसाखरेच्या मिठायांमध्येही मैदा आणि खवा असतोच, तेव्हा त्या निर्धास्तपणे खाता येतात असे समजू नये. हृदयविकाराच्या रुग्णाला खारट शेव-चिवडा त्रास देऊ शकतो. मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी तर, आपण आरोग्यदायी म्हणून नेलेले शहाळे आणि सुकामेवासुद्धा त्यातल्या पोटॅशियममुळे घातक ठरू शकतात. पक्षाघातानंतर ज्यांना गिळताना अडचण येते त्यांच्यासमोर चिवडा आणि शेंगदाणे ठेवू नयेत, कारण ठसका लागून घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. यातले काहीही तर्काने ठरवण्याऐवजी, रोजचे पथ्य सांभाळणाऱ्या व्यक्तीला विचारूनच ठरवावे.

ज्या घरात वर्षाच्या आत कोणी गेले आहे, त्या घराकडे मात्र वेगळ्या जाणिवेने पाहायला हवे. आपल्याकडे बहुतेक घरांत अशा वर्षी सण करत नाहीत, तळण काढत नाहीत, आणि नातेवाईक व शेजारी आपल्याकडचा फराळ तिथे नेऊन देतात. ही रीत मला फार शहाणपणाची वाटते, कारण शोकात असलेल्या माणसावर सणाची जबाबदारी न टाकताही तो सणाच्या बाहेर पडणार नाही, याची काळजी तिने घेतलेली आहे. पण ताट दारातूनच देऊन निघून जाण्याची सवय तिला लागली आहे, ती सोडावी. आत जाऊन बसावे. गेलेल्या माणसाचे नाव घेण्यास कचरू नये. "काका दर वर्षी आकाशकंदील स्वतः करायचे" असे एखादे साधे वाक्य बोलले, तर घरातल्या माणसांना मन मोकळे करायला वाट मिळते. डोळ्यांत पाणी आले म्हणून घाईने विषय बदलू नये, आणि "आता सावरायला हवं" असा उपदेशही करू नये.

पाडव्याचा दिवस पती गमावलेल्या स्त्रीला, आणि भाऊबीजेचा दिवस भाऊ हयात नसलेल्या बहिणीला विशेष जड जातो. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर गावांनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. तरीही अनेक घरांत ओवाळण्याची वेळ आली की आजी आपणहून मागच्या खोलीत जातात. त्यांना हाक मारून पुढे बोलवावे आणि निरांजनाचे ताट त्यांच्या हाती द्यावे. भाऊ नसलेल्या बहिणीने चंद्राला ओवाळण्याची प्रथा आहेच, पण शेजारच्या एखाद्या मुलाने पाटावर बसून "मावशी, मला ओवाळा" असे म्हटले, तर त्या संध्याकाळचे रूपच पालटते.

भेटीला जाताना आधी फोन करून वेळ सांगावी आणि ती पाळावी. एकटे माणूस दुपारी चारच्या भेटीची तयारी सकाळपासून करते. नीटनेटके कपडे घालते, कपबशा काढून ठेवते. न सांगता जाण्यापेक्षाही, सांगून न जाणे त्याला अधिक लागते. आजारी व्यक्तीजवळ पंधरा-वीस मिनिटे पुरेशी असतात. बसताना चप्पल दाराशी काढून, खुर्ची पलंगाजवळ ओढून, हातातला मोबाइल खिशात ठेवून बसावे.

एकट्या पडलेल्या माणसाला मिळण्याची उणीव जितकी जाणवते, त्याहून अधिक ती देण्याची जाणवते, असे माझे ठाम मत आहे. ज्या बाईंनी चाळीस वर्षे घरभर माणसांना फराळ वाढला, त्यांच्यासमोर आपण नुसती ताटे ठेवत राहिलो तर त्यांना आपण आता निरुपयोगी झालो, असे वाटू लागते. म्हणून त्यांच्याकडे काहीतरी मागायला जावे. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजवताना पाणी रोज का बदलायचे, हे त्यांच्याकडून शिकून घ्यावे. कापूस नेऊन देऊन लक्ष्मीपूजनासाठी वाती वळून मागाव्यात. मुलांनी केलेला किल्ला पाहायला आजोबांना खाली आणावे, आणि जिना उतरवत नसेल तर त्याचा फोटो दाखवून तटबंदीबद्दल त्यांचे मत विचारावे. ही कामे खरीच गरजेची असावीत, मन रमवण्यासाठी मुद्दाम काढलेली नसावीत. वृद्धांना तो फरक लगेच कळतो. त्यांनी ओवाळणीचे पाकीट किंवा डब्यातला एक लाडू पुढे केला, तर "राहू द्या हो" असे न म्हणता दोन्ही हातांनी घ्यावा.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला "ओळखलंत का मला?" असे कधीही विचारू नये. त्या प्रश्नाने ती व्यक्ती परीक्षेला बसवल्यासारखी गोंधळते. आपणच आपले नाव आणि नाते सांगावे, एका वेळी एकानेच बोलावे, आणि शक्यतो सकाळी जावे, कारण अशा अनेक रुग्णांची अस्वस्थता संध्याकाळी वाढते. कमी ऐकू येणाऱ्यांशी बोलताना दूरदर्शन संच बंद करून, त्यांच्या समोर बसून, सावकाश बोलावे. ओरडण्याने शब्द स्पष्ट होत नाहीत.

रुग्णालयात जायचे असेल, तर फुले आणि लहान मुले नेण्यापूर्वी विचारावे. अतिदक्षता विभागात, तसेच केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाजवळ संसर्गाच्या भीतीमुळे दोन्हींना सहसा मनाई असते. रुग्णाइतकीच त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाची आठवण ठेवावी. नरक चतुर्दशीच्या पहाटे त्या माणसाला घरी पाठवून, तीन-चार तास त्याच्या जागी बसणे ही फार मोठी मदत आहे. मुंबईत कर्करोगाच्या उपचारांसाठी दूरच्या गावांहून आलेली कुटुंबे दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी दिवाळीतही मुक्काम करून असतात. तिथे काही न्यायचे असल्यास व्यवस्थापनाला विचारून, लागेल तेवढेच न्यावे.

सणाच्या उत्साहात घडणाऱ्या अपघातांबद्दलही सांगायला हवे. अभ्यंगस्नानाचे तेल न्हाणीघराच्या फरशीवर सांडले, तर वृद्ध माणूस घसरून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका असतो. तेल खोलीतच, खुर्चीवर बसवून लावावे, न्हाणीघरात रबरी पायपुसणे घालावे, आणि गॅसचा गिझर असेल तर खिडकी उघडी ठेवावी. घरात ऑक्सिजन चालू असेल, तर त्या खोलीत पणती, उदबत्ती किंवा निरांजन अजिबात लावू नये. फटाक्यांचा धूर दमेकऱ्यांना आणि आवाज हृदयरोग्यांना सोसवत नाही. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत फटाके वाजवण्यास मनाई आहे, त्यामुळे पहिल्या अंघोळीच्या पहाटेचा आपल्याकडचा फटाका बहुधा याच मनाईच्या वेळेत वाजतो. रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर तर शांतता क्षेत्र असतो. इमारतीत आजारी माणूस आहे, एवढे मुलांना नीट सांगितले, तर ती ऐकतात.

मुले परदेशी असलेल्या घरांत सगळा दिवस एका फोनभोवती फिरतो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेच्या बहुतेक भागांत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे तासभर मागे घेतली जातात, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास नेहमीची वेळ चुकते आणि इकडे आई-वडील तासभर फोनकडे बघत बसतात. परदेशातील मुलांनी भारतीय वेळ आधी लिहून कळवावी, आणि शेजाऱ्यांनी व्हिडिओ कॉल जोडून देऊन बाजूला व्हावे.

बोलता बोलता कोणी "आता कशाला जगायचं" असे म्हणाले, औषधे तशीच पडलेली दिसली, किंवा जेवण सलग न खाल्लेले आढळले, तर ते वयाचे बोलणे म्हणून सोडून देऊ नये. शांतपणे, थेट विचारावे, त्यांना एकटे ठेवू नये, आणि जवळच्या नातेवाइकांना व डॉक्टरांना कळवावे. 'टेली मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवस-रात्र मानसिक आरोग्याबाबत सल्ला मिळतो.

वृद्धाश्रमांकडे दिवाळीत इतके गट येतात की एकाच दुपारी तीनदा मिठाई वाटली जाते, रहिवाशांना पुनःपुन्हा छायाचित्रासाठी बसवले जाते, आणि भाऊबीज झाली की दार महिनोन्महिने वाजत नाही. छायाचित्रे काढूच नयेत. जाण्याचा दिवस तुळशीचे लग्न झाल्यानंतरचा, शक्य असल्यास मार्गशीर्षातला निवडावा, आणि व्यवस्थापकांना आधी विचारावे: प्रौढांचे डायपर हवेत, की चष्म्यांच्या काचा बदलायच्या आहेत, की कोणाला पत्र वाचून दाखवायचे आहे. निघताना पुढच्या भेटीची तारीख सांगावी, आणि ती तिथल्या दिनदर्शिकेवर त्यांच्याच हाताने लिहून घ्यावी.